बिनजोडाचे डबे

१० जुलै

पत्रा दाबायची प्रेस बसली एकदाची. क्रेनवाल्यानं सकाळचा वायदा करून दुपार केली, वरून एक बोल्ट चुकीच्या जागी निघाला म्हणून बद्रीनाथला तो कापून परत बसवावा लागला. बद्रीनाथ आमचा वेल्डर. माझ्याकडं कामाला लागला तेव्हा त्याला मिशी न्हवती, आता आहे ती पांढरी झाली. नवकार मंत्र म्हटला, नारळ फोडला आणि पहिली चकती लावली.

लिहिताना अजून अंगावर काटा येऊन राह्यला. स्टीलची सपाट गोल चकती. वरून ठोकळा सावकाश खाली येतो, पत्र्याला साच्यात ओढत नेतो, आणि ठोकळा वर गेला की खाली डबा उभा. जोड न्हाई, टाका न्हाई, काही न्हाई. याला डीप ड्रॉईंग म्हणतात. आपण जन्मभर काय केलं? पत्रा कापा, गुंडाळा, उभा जोड मारा, बूड वेगळं कापा, तेही जोडा, घासा, पाणी भरून बघा, आणि गळलं की परत पहिल्यापासून. माझ्या वडलांनी कथलाचे टाके मारले, मी वेल्डिंगचे. डबा गळायचा तो नेहमी जोडावर. आता जोडच न्हाई तर गळणार कुठून?

बद्रीनाथनं डबा हातात फिरवला, आतून बोटानं चाचपला, नखानं वाजवून बघितला. म्हणाला, "शेठ, मंग माझं काय काम राह्यलं?" मी म्हटलं, "तू प्रेस चालवायला शिक."  माणूस चांगला आहे, पण नवीन काही दिसलं की त्याचं तोंड उतरतं.

जिनेंद्रला, म्हणजे माझ्या मुलाला, फोनवर सगळं दाखवलं. तो मालाच्या विक्रीसाठी अर्धा आठवडा संभाजीनगरलाच असतो. "छान, बाबूजी," म्हणाला, बस. आजकालच्या पोरांना कशाचं कौतुकच न्हाई. मंग डबा घरी आणला आणि सूनबाईला दाखवला. एकतानं तो दोन्ही हातांनी धरला आणि बराच वेळ आत बघत राह्यली. "किती खोल आहे, बाबूजी," म्हणाली. मी म्हटलं, "खोलच करतं ते मशीन." मंग डबा ओट्यावर ठेवून ती तिच्या खोलीत गेली.

१३ जुलै

इथल्या एका बियाणे कंपनीचे खरेदी अधिकारी आहेत तातेराव, ते प्रेस बघायला आल्ते. त्यांना बियाण्याचे नमुने ठेवायला झाकणाचे डबे पाहिजेत. जोडाच्या खाचेत दाणा अडकतो, कीड बसते, म्हणून त्यांना बिनजोडाचेच पाहिजेत. मी त्यांना उभं करून सगळं समजावलं. ओढला गेल्यामुळं पत्रा अजून टणक होतो, म्हणून पातळ असला तरी चेपत न्हाई. एक डबा जसा तसा दुसरा, बालभर फरक न्हाई. आत हात फिरवला तर कुठंच अडत न्हाई. वेल्डिंगची चार माणसं जे दिवसभरात करतात ते हे मशीन जेवायच्या सुट्टीआधी करतं. तातेराव म्हणाले, नमुने द्या, तपासून बघू, पसंत पडले तर कायमचं काम तुमचं. माझ्या या वयात असं काम मिळालं तर जिनेंद्रला मागं वळून बघायची गरज न्हाई.

एकतानं आज सुगनबाईला, माझ्या बायकोला, विचारलं की चार दिवस माहेरी जाऊन येऊ का. तिचं माहेर कुंभार पिंपळगावचं. जूनमध्ये तिची तब्येत बिघडली होती. पाचवा महिना चालू होता आणि झालं ते झालं. त्याबद्दल घरात कोणी बोलत न्हाई, मीही लिहिणार न्हाई. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की अंगात रक्त कमी आहे, आराम द्या. आता घरातच तर आहे, अजून कसला आराम? सुगनबाई म्हणाली, चौमासा लागला, साध्वी महासतीजी गावात मुक्कामाला आल्यात, त्या गोचरीला, भिक्षा घ्यायला आल्या तर घरात सून नको का? वरून कारखान्याची बिलं एकताच कॉम्प्युटरवर करते, ती कोण करणार? मी म्हटलं, "दिवाळीला जा की चांगले पंधरा दिवस." ती "बरं" म्हणाली. एकता कधीच उलटून बोलत न्हाई, हा तिचा मोठा गुण.

३० जुलै

झाकणाच्या साच्यात सुरकुत्या पडून राह्यल्या. दाब वाढवला तर पत्रा फाटतो, कमी केला तर चुण्या. दिवस त्यातच गेला.

एकतानं आज उपवास धरला. मला संध्याकाळी समजलं.

२ ऑगस्ट

सुरकुत्या गेल्या. तेल बदललं, आणि चकतीला कडेनं धरणारी कडी जरा घट्ट केली.

एकताचा उपवास चालूच आहे. रोज सकाळी स्थानकात, म्हणजे आमच्या साधनेच्या जागी जाते, महासतीजींकडून त्या दिवसाच्या उपवासाचं व्रत, पचखाण, घेते. फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्य मावळायच्या आत. सुगनबाईनं विचारलं कुठवर करणार, तर म्हणाली बघू.

७ ऑगस्ट

अठाई झाली. आठ उपवास. मला वाटलं आता सोडेल. मी स्वतः तिच्या खोलीत गेल्तो. पलंगावर भिंतीकडं तोंड करून निजली होती, मला बघून डोक्यावर पदर घेऊन उठून बसली. म्हटलं, "बेटा, झालं की आता. तब्येतीला जप." तर म्हणाली, "मला भूकच लागत न्हाई, बाबूजी. जेवण समोर आलं की नको वाटतं." केवढं वैराग्य या वयात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

सुगनबाई म्हणते ही मासक्षमण करणार. पूर्ण महिन्याचे उपवास. आमच्या घरात आजवर कोणी केलं न्हाई, माझ्या आईनंही न्हाई. बातमी स्थानकात गेली तशी बायका यायला लागल्या. त्या विचारतात "शाता आहे ना?", म्हणजे बरं आहे ना, ही म्हणते "शाता." स्वयंपाकघरातून तिला आपोआप सुट्टी मिळाली, कारण तपस्व्याकडून कोण काम करून घेतं? फक्त बिलं करते. मी नको म्हटलं, तर म्हणाली हात चालू असला की डोकं शांत राहतं.

आणि मला जे सुचलं ते लिहून ठेवतो. तप पूर्ण झालं की समाजात घरोघर नाव कोरलेलं भांडं वाटायचं, त्याला आम्ही प्रभावना म्हणतो. लोक बाजारातून ग्लास, वाट्या आणतात. आपण आपल्या प्रेसवरचे बिनजोडाचे डबे वाटायचे. एकताचं नाव घरोघर जाईल आणि आपलं कामही. सुगनबाईला एकदम पसंत पडलं.

१२ ऑगस्ट

पत्रा घेतला. पत्रेवाल्या संपतच्या गोदामात दोन जातींचा माल होता. दिसायला दोन्ही आरशासारखे. एक जरा हलका, त्यात निकेल कमी, पण लगेच मिळत होता. तोच उचलला. बिल एकताकडं चढवायला दिलं.

जिनेंद्र आज घरी होता. बैठकीत बसून म्हणाला, "बाबूजी, हा पत्रा इतका खोल ओढला की आतून ताणलेला राहतो. त्याच दिवशी भट्टीत तापवून मऊ करावा लागतो, न्हाईतर मागाहून तडकतो." मी म्हटलं, आपले नमुन्याचे डबे तर कपाटावर पडलेत, कुठं तडकले? तो म्हणाला, ते चांगल्या पत्र्याचे आहेत. आता डबा काळा न पडता तापवणारी बंद भट्टी संभाजीनगरला, तिथं नंबर लावायचा, माल न्यायचा, आणायचा. पारणं तोंडावर आलंय. मी म्हटलं, "तू विक्रीचं बघ, मशीनचं मी बघतो." तो उठून गेला. एकता आतल्या दारात बिलाचे कागद घेऊन उभी होती. ती तिथं कधीची उभी होती, ते काही माझ्या ध्यानात आलं न्हाई.

१७ ऑगस्ट

डबे निघून राह्यले. एकामागून एक. बद्रीनाथचाही हात बसला. हातात घेतलं की थंडगार, गुळगुळीत, कुठं नखाएवढीही खाच न्हाई. नाव कोरायचा नमुना एकताला दाखवला: 'सौ. एकता जिनेंद्र रुणवाल यांच्या मासक्षमण तपानिमित्त'. तिनं वाचलं आणि म्हणाली, "बाबूजी, माझं नाव नका टाकू." म्हटलं, अगं, तुझंच तर तप. तर म्हणाली, "नुसतं रुणवाल परिवार टाका." किती नम्र पोरगी. मी नाव टाकायलाच सांगितलं.

२४ ऑगस्ट

पर्युषण चालू आहे. आज विहीणबाई पिंपळगावहून आल्या. लेकीला बघितलं आणि स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडाला लावून बसल्या. मला वाटलं अभिमानानं भरून आलं. नंतर सुगनबाईला म्हणाल्या की पारणं झालं की हिला घेऊन जाते, हिचे हात बघा कसे झालेत. सुगनबाई म्हणाली, प्रभावना वाटून होऊ द्या, पाहुणे येतील, तपस्वीच घरात नसेल तर कसं दिसेल? बरोबरच आहे तिचं.

जिनेंद्र वरच्या खोलीत झोपतो हल्ली. म्हणतो, तिला त्रास नको.

२९ ऑगस्ट

काल संवत्सरी झाली, सगळ्यांनी 'मिच्छामि दुक्कडम' म्हणून एकमेकांची माफी मागितली. आज पारणं.

असा दिवस आमच्या घराण्यात आला न्हाई. वाजतगाजत मिरवणूक निघाली, एकताला बग्गीत बसवलं. स्थानकात बायकांनी गाणी म्हटली. मुगाचं पाणी चमच्यानं पाजलं. दोन चमचे गेले, तिसरा उलटून पडला. सुगनबाईनं लगेच पदरानं पुसलं, कोणाला समजलं न्हाई. नंतर डबे वाटले. माणसं आत बोट फिरवून जोड शोधत होती. "जोड कुठंय, मांगीलालजी?" मी म्हणायचो, "शोधा, सापडला तर सांगा." हसण्यात वेळ कसा गेला समजलं न्हाई. टेंभुर्णीला, वडीगोद्रीला, जिथं जिथं आपली घरं आहेत तिथं गाडीनं डबे गेले. तातेरावांनाही एक दिला. एकता कुठं तरी बसली होती बायकांत.

रात्री महावीर भगवंतांपुढं बसून मी म्हटलं, आता मला काही नको.

६ सप्टेंबर

कारखान्यातल्या फळीवर प्रभावनेचे उरलेले डबे होते, त्यातला एक काठापासून खाली उभा चिरला. कोणी तरी पाडला असणार. बद्रीनाथ शपथ घेतो की हातही लावला न्हाई, जेवायला बसलो तर टण् आवाज आला म्हणे. मी त्याला झापलं. वेल्डिंगचं काम गेल्यापासून याचं मन मशीनवर न्हाईच.

९ सप्टेंबर

टेंभुर्णीहून सुगनबाईच्या भावजयीचा फोन. डब्यात बेसन भरून ठेवलं होतं, सकाळी बघते तर डबा चिरलेला आणि बेसन ओट्यावर. हसत हसत सांगत होती, पण सांगितलं. संध्याकाळी अजून एका घरातून तेच.

१४ सप्टेंबर

आता लपवून काय करू. सगळीकडून तेच ऐकू येऊन राह्यलं. डबा कोणी हातातून टाकत न्हाई, कोणी चुलीवर ठेवत न्हाई. फळीवर बसल्या जागी काठापासून चिरतो, काही ठिकाणी तर बराबर नावातून.

जिनेंद्रला विचारलं. "मी सांगितलं होतं, बाबूजी," एवढंच बोलला. पत्रा हलका, आत ताण राह्यला, भट्टी दिली न्हाई. बस, इतकं सोपं आहे. मशीन चांगलं आहे, रीत चांगली आहे. मीच एक पायरी गाळली.

पण लोक काय बोलून राह्यलेत ते लिहितानाही लाज वाटते. लोक पत्र्याचं बोलतच न्हाईत. म्हणतात, तपात खोट होती. एवढी अशक्त पोरगी, महिनाभर नुसत्या पाण्यावर राहीलच कशी? चोरून खाल्लं असणार. तपाच्या नावानं वाटलेलं भांडं असं चिरतं का कुठं? आज सुगनबाईनं सरळ एकतालाच विचारलं, "खरं सांग, काही तोंडात टाकलं होतं का?" मी बैठकीत होतो, मला सगळं ऐकू आलं. एकता काहीच बोलली न्हाई. सुगनबाई बाहेर येऊन म्हणाली, "बघा, गप बसली."

मी तेव्हाच म्हणायला पाहिजे होतं. पण तातेरावांकडं आपले नमुने तपासणीला आहेत. रुणवालांचे डबे तडकतात हे माझ्याच तोंडून निघालं तर काम हातचं जाईल. जिनेंद्रही म्हणाला, "बाबूजी, ऑर्डर पास होऊ द्या, मंग सांगून टाकू." थोडे दिवसच तर आहेत. लोक विसरतील. बायकांचं बोलणं ते काय.

२१ सप्टेंबर

पाऊस थांबायचं नाव घेत न्हाई. सगळीकडं पाणी. तरी स्थानकात गेलो.

जे झालं ते मनातून जाईना. व्याख्यान सुरू व्हायच्या आधी एकता बायकांच्या बाजूला जाऊन बसली, तर शेजारच्या दोघी आपली आसनं उचलून पलीकडं सरकल्या. ती हलली न्हाई. नंतर एक म्हातारी तिला म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "बेटी, चूक माणसाकडून होते. महासतीजींकडून प्रायश्चित्त घे, मोकळी हो." आणि एकता उठली, महासतीजींसमोर गेली आणि प्रायश्चित्त घेतलं. दोन उपवास. हात जोडून खाली मान घालून बसली होती. महासतीजींनी विचारलं की कशाचं आहे, तर म्हणाली, "माझ्या हातून जे झालं असेल त्याचं."

तिनं काहीच केलेलं न्हाई. मला ठाऊक आहे. आणि तिलाही ठाऊक असणार, कारण पत्र्याचं बिल तिनंच चढवलं, आणि जिनेंद्र भट्टीचं बोलला तेव्हा ती दारातच उभी होती. मंग बोलली का न्हाई? एक शब्द बोलली असती तर सुटली असती. आज मला जेवण गेलं न्हाई. येत्या रविवारी स्थानकात उभं राहून सांगायचं, ठरलं.

२५ सप्टेंबर

तातेरावांचा फोन आला. नमुने पास. काम मिळालं.

हा डाव साधला. बद्रीनाथला मिठाई दिली, प्रेसवर कुंकू लावलं. कंपनीच्या मालासाठी चांगलाच पत्रा आणायचा, आणि प्रत्येक डबा त्याच दिवशी संभाजीनगरला भट्टीत जाणार. मी स्वतः टेम्पो ठरवला, भट्टीवाल्याशी रोजचा नंबर पक्का केला. यात हयगय चालायची न्हाई.

घरी पेढे घेऊन आलो तर एकता न्हवती. तिचे वडील पिंपळगावहून येऊन घेऊन गेल्ते. सुगनबाई म्हणाली, पाणीही घेतलं न्हाई. पोरगी एक बॅग घेऊन पाया पडून निघाली. सुगनबाईनं अडवलं न्हाई. म्हणाली, "थोडे दिवस दूर राहिलेलीच बरी, लोकांची तोंडं बंद होतील." पेढे तसेच डब्यात ठेवले.

२८ सप्टेंबर

रविवार. स्थानकात गेलो न्हाई. कंपनीचा पहिला माल होता.

५ ऑक्टोबर

बिलं तुंबून राह्यलीत. मी कॉम्प्युटरपुढं बसलो, पण काही उमजत न्हाई. जिनेंद्रला म्हटलं, बायकोला घेऊन ये. तो म्हणाला, "ती फोन उचलत न्हाई." जा म्हटलं, तर बघू म्हणाला. मला वाटतं हाही तिकडं जायला घाबरतो. घरात आता कोणी मोठ्यानं बोलत न्हाई. सुगनबाई भाजीत मीठ विसरते.

कंपनीचे डबे गोदामात रचलेत. रोज जाऊन बघतो. एकही तडकला न्हाई.

१२ ऑक्टोबर

आज बोललो. व्याख्यान झाल्यावर उभा राह्यलो आणि हात जोडून म्हटलं, मला दोन शब्द सांगायचेत.  सांगितलं की डबे तडकले यात माझ्या सुनेचा काही दोष न्हाई. पत्रा हलका मी घेतला. ओढकाम झाल्यावर भट्टी द्यायची असते ती मी दिली न्हाई. मुलानं सांगितलं होतं, मी ऐकलं न्हाई. तिचं तप सोन्यासारखं होतं. माझ्यामुळं तिला बोल लागला.

 मला वाटलं आता कोणी तरी मला बोलेल, आणि खरं सांगायचं तर बोलावं असंच वाटत होतं. पण संघाचे अध्यक्ष उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मांगीलालजी, सुनेची चूक स्वतःवर घेणारा सासरा आजच्या काळात कुठं बघायला मिळतो." मी म्हटलं, न्हाई न्हाई, हे खरंच आहे. तर ते म्हणाले, "समजलं, समजलं." मी म्हटलं, वाटलं तर बद्रीनाथला विचारा, संपतच्या गोदामात जाऊन बघा. मी जितकं बोललो तितकी माणसं माझ्याकडं अजून भक्तीनं बघून राह्यली. बाहेर निघताना ज्या म्हातारीनं प्रायश्चित्त घ्यायला लावलं होतं ती म्हणाली, "असं मन पाहिजे." लोक माझ्या पाया पडले. मी पडू दिलं, दुसरं काय करणार होतो?

आधीच बोललो असतो तर ऐकलं असतं का? बहुतेक ऐकलं असतं.

१४ ऑक्टोबर

कुंभार पिंपळगावला जाऊन आलो. एकटाच गेल्तो. रस्त्यानं दोन्ही बाजूला पिकं आडवी झालेली, बघवत न्हाई.

व्याही दुकानात होते, मला बघून गल्ला बंद करून घरात घेऊन आले. एकता आली, पाया पडली, समोर बसली. चेहरा जरा भरला आहे. तिथं तिच्या ताटात पोळी होती, अर्धी खाल्लेली, ती बाजूला सरकवली. म्हणजे जेवते इथं. मला बरं वाटलं.

मी सगळं सांगितलं. पत्रा, भट्टी, स्थानकात उभा राह्यलो ते. काहीच ठेवलं न्हाई. म्हटलं, "बेटा, चूक माझी होती. मी समाजापुढं कबूल केलं. आता घरी चल."

ती म्हणाली, "लोकांनी ऐकलं का?"

"न्हाई. पण मी सांगितलं."

तिनं ताटावर झाकण ठेवलं. मंग विचारलं, "कंपनीच्या डब्यांना भट्टी देऊन राह्यले का, बाबूजी?"

"देतो ना. एकूण एक डबा. मी स्वतः उभं राहून टेम्पोत भरतो."

"त्यांनाही घाई होती ना?"

"तातेरावांना? लई घाई होती. रोज फोन."

"तरी दिली."

"देणारच. ते बाहेरचं काम आहे, बेटा. बाहेरच्याला एक डबा तडकलेला गेला तर तो माणूस परत आपल्या दारात येत न्हाई. तुझे डबे घरचे होते. घरच्याचं काय, घरचं माणूस सांभाळून घेतं."

ती माझ्याकडं बघत होती. डोळे भरून आले आणि गळायला लागले, तरी तशीच बघत होती. मंग उठून आत गेली. विहीणबाई तिच्या मागं गेल्या. व्याही म्हणाले, "चहा घेऊन जा." चहा घेतला. खूप वेळ बसलो. ती बाहेर आली न्हाई. व्याही गाडीपर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, आता परत येण्याची तकलीफ घेऊ नका.

येताना रस्ताभर विचार करून राह्यलो. मी चूक मानली. मोठेपण बाजूला ठेवून तिच्या दारात गेलो. जे खरं तेच बोललो. त्यात रडण्यासारखं काय होतं ते मला काही समजलं न्हाई. घरी आलो तेव्हा सूर्य मावळायला अवकाश होता, सुगनबाई जेवायला बसली होती. तिला शब्दन् शब्द सांगितलं आणि विचारलं, तूच सांग, मी काय वावगं बोललो? तिनं हातातला घास ताटात ठेवला, ताट तसंच सोडलं आणि उठून आत गेली.

आता हिला काय झालं?